हायब्रिड मोटारीची साहाय्यक बॅटरी : कार्य, निदान आणि बदलण्याची कृती

या पाठात आपण हायब्रिड मोटारीतल्या एका छोट्या, दुर्लक्षित भागाचा अभ्यास करणार आहोत. तो भाग म्हणजे १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी. पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

१. मोटारीतल्या दोन बॅटऱ्यांची कामे वेगळी करून सांगणे.
२. गाडी सुरू होत नसेल तर दोष कोणत्या बॅटरीत आहे, हे मल्टिमीटरने ठरवणे.
३. मृत साहाय्यक बॅटरी सुरक्षितपणे बदलणे आणि प्रत्येक पायरीचे कारण सांगणे.
४. जुन्या बॅटरीची योग्य विल्हेवाट लावणे.

१. प्रश्न कोठे उभा राहतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, नागपूरचे एक कुटुंब जबलपूर-रीवामार्गे स्वतःच्या हायब्रिड मोटारीने कार्तिकात काशीला आले. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या जुन्या मराठी वस्तीच्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आत शिरतच नाही. म्हणून गाडी दूरच्या वाहनतळावर लावली. देवदीपावलीच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी वाहनांना बंदी असते, त्यामुळे आठ-दहा दिवस गाडी जागची हलली नाही. परतीच्या दिवशी बटण दाबले तर दिवे मिणमिणतात, रिलेची टिकटिक ऐकू येते आणि गाडी काही सुरू होत नाही. टाकीत पेट्रोल आहे, मोठी बॅटरीही बरीच भरलेली आहे, तरी गाडी ठप्प.

अशा वेळी रस्त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे “हायब्रिड बॅटरी गेली.” हा सल्ला बहुतेकदा चुकीचा असतो आणि फार महागात पडू शकतो. मोठ्या बॅटरीची किंमत छोटीच्या कितीतरी पट असते. शिवाय मोठ्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी लांब हमी आपल्याकडच्या कंपन्या देतात. छोटीची हमी वेगळी आणि बरीच कमी काळाची असते. तेव्हा दोन बॅटऱ्यांतला फरक समजणे हा केवळ परीक्षेचा विषय नाही, तो पैशाचा आणि सुरक्षिततेचाही विषय आहे.

२. दोन बॅटऱ्या, दोन कामे

हायब्रिड मोटारींचे ढोबळमानाने दोन प्रकार ध्यानात ठेवा.

माइल्ड हायब्रिड : यात विद्युत मोटर इंजिनाला थोडी मदत करते, पण गाडी बराच वेळ एकट्या विजेवर चालत नाही. २०१५ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती सियाझची एसएचव्हीएस आवृत्ती या प्रकारातली. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करताना इथे नेहमीचा स्टार्टर वापरला जातो. त्याला लागणारा शेकडो अँपियरचा प्रवाह शिसे-आम्ल बॅटरीच पुरवते.

स्ट्राँग हायब्रिड : यात दीडशे-दोनशे व्होल्टच्या वरची मोठी बॅटरी असते आणि गाडी काही अंतर निव्वळ विजेवर चालू शकते. टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली, भारतात ती २०१० मध्ये आली. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्या आल्या, आणि हा प्रकार आपल्या रस्त्यांवर नेहमीचा झाला.

हा पाठ स्ट्राँग हायब्रिडविषयी आहे. या गाडीत वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोटर-जनरेटर करतो आणि त्याला वीज मोठी बॅटरी देते. मग १२ व्होल्टच्या बॅटरीचे काम काय? तिची कामे तीन :

(अ) सर्व नियंत्रक संगणक, कुलपे, दिवे आणि डॅशबोर्ड यांना वीज देणे.
(आ) मोठ्या बॅटरीच्या वाटेवरचे मुख्य रिले बंद करून परिपथ पूर्ण करणे.
(इ) गाडी बंद असताना चोरप्रतिबंधक यंत्रणा आणि चावीचा रिसीव्हर जागे ठेवणे.

यातले (आ) सर्वांत महत्त्वाचे. गाडी बंद असताना मुख्य रिले उघडे असतात, म्हणजे मोठी बॅटरी उरलेल्या गाडीपासून पूर्ण तुटलेली असते. तुम्ही बटण दाबता तेव्हा आधी संगणक जागे होतात, स्वतःची तपासणी करतात. मग एका रोधामार्गे इन्व्हर्टरचे कपॅसिटर हळूहळू भारित केले जातात, आणि शेवटी मुख्य रिले बंद होतात. रोध मध्ये नसता तर रिकाम्या कपॅसिटरमध्ये एकदम प्रचंड प्रवाह धावून रिलेचे संपर्कबिंदू चिकटून बसले असते. हे सगळे सुरळीत झाले की डॅशबोर्डवर ‘रेडी’चा दिवा लागतो. त्यानंतर डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून सुमारे १४ व्होल्टची वीज काढून छोटीला भारित करू लागतो. पारंपरिक गाडीत हे काम आल्टरनेटर करतो.

आता पेच ध्यानात आला का? छोटी बॅटरी भारित करायला कन्व्हर्टर हवा, कन्व्हर्टरला वीज मिळायला रिले बंद व्हायला हवेत, आणि रिले बंद करायला छोटी बॅटरी हवी. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली, अशी ही अवस्था आहे.

मग रचनाकारांनी असे का केले? उत्तर सुरक्षिततेत आहे. रिले ‘नेहमी उघडे’ प्रकारचे ठेवले की अपघातात १२ व्होल्टचा पुरवठा तुटला, किंवा संगणकाने तो तोडला, की मोठी बॅटरी आपोआप अलग होते. बिघाड झाला तर यंत्रणा सुरक्षित बाजूला कलली पाहिजे, हे अभियांत्रिकीतले मूलभूत तत्त्व इथे दिसते. बॅटरीवर चालणाऱ्या संपूर्ण विद्युत मोटारींतही हीच मांडणी असते.

एक आकडेमोड करून पाहा. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल एकसर जोडलेले असतात. प्रत्येकी १.२ व्होल्ट धरले तर १६८ × १.२ = २०१.६ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपियर-तास, म्हणजे ऊर्जा सुमारे १,३१० वॅट-तास. छोटी बॅटरी ४५ अँपियर-तासांची धरली तर तिची ऊर्जा १२ × ४५ = ५४० वॅट-तास. ऊर्जेच्या हिशेबात छोटी काही नगण्य नाही. पण कन्व्हर्टर मोठीकडून छोटीकडे असा एकाच दिशेने काम करतो, म्हणून छोटीतली ऊर्जा इंजिन फिरवायला वापरता येत नाही. ही गाडी धक्का मारूनही सुरू होत नाही.

३. बॅटरी मरते कशी?

शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये बनवली. तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे व्होल्टेज सुमारे २.१. वीज देताना घडणारी अभिक्रिया शब्दांत अशी :

शिसे + शिशाचा डायऑक्साइड + गंधकाम्ल → शिशाचे सल्फेट + पाणी

भारित करताना ही अभिक्रिया उलट दिशेने होते. बॅटरी रिकामी किंवा अर्धवट भरलेली पडून राहिली तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत रूपांतरित होतात आणि ते सहजी परत फिरत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. म्हणून एकदा पूर्ण रिकामी होऊन आठवडाभर तशीच राहिलेली बॅटरी पुन्हा भारित केली तरी तिची आधीची क्षमता परत येत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बनारसमध्ये मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या आत तो आणखी चढतो. प्लेटच्या जाळीची झीज आणि स्वतःहून होणारा विसर्ग, दोन्ही वाढतात. बॅटरी मरते हिवाळ्यात धुक्याच्या सकाळी, पण तिचे खरे नुकसान उन्हाळ्यातच झालेले असते.

तिसरे कारण गाडी बंद असताना वाहणारा प्रवाह. ते सोडवलेल्या उदाहरणातून पाहू.

सोडवलेले उदाहरण १. गाडी बंद असताना ४० मिलीअँपियर प्रवाह वाहतो. (क) नवी ४५ अँपियर-तासांची भरलेली बॅटरी किती दिवस पुरेल? (ख) मालकाने गाडी उभी असतानाही चालू राहणारा डॅशकॅम बसवला आणि तो आणखी २५० मिलीअँपियर घेतो. आता किती दिवस? (ग) बॅटरी जुनी होऊन तिच्यात २० अँपियर-तासच उरले असतील तर?

उत्तर : (क) रोजचा खर्च ०.०४ × २४ = ०.९६ अँपियर-तास. ४५ ÷ ०.९६ = सुमारे ४७ दिवस. (ख) एकूण प्रवाह ०.२९ अँपियर, रोजचा खर्च सुमारे ७ अँपियर-तास. ४५ ÷ ७ = साडेसहा दिवसांच्या आत बॅटरी रिकामी. (ग) डॅशकॅम नसताना २० ÷ ०.९६ = सुमारे २१ दिवस, डॅशकॅमसह तीन दिवसांपेक्षाही कमी.

प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या बऱ्याच आधी रिले लागेनासे होतात, म्हणून हे आकडे वरची मर्यादा समजा. काशीत आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे काय झाले असावे, याचा अंदाज तुम्हाला आता करता येईल.

४. आधी निदान, मग पाना

बॅटरी बदलण्याआधी ती खरोखर मेली आहे का, हे तपासा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. गाडी काही तास बंद असू द्या आणि मग टोकांवरचे व्होल्टेज मोजा.

१२.६ किंवा अधिक : जवळजवळ पूर्ण भरलेली
१२.४ : सुमारे तीन-चतुर्थांश
१२.२ : सुमारे अर्धी
१२.० : सुमारे पाव
११.८ किंवा कमी : रिकामी

एजीएम प्रकारच्या बॅटरीत हे आकडे किंचित वर सरकतात. नुसत्या या मोजणीवर थांबू नका, कारण भरलेली पण क्षमता गमावलेली बॅटरीही १२.६ दाखवू शकते. म्हणून दुसरी चाचणी करा. गाडी ‘रेडी’ न करता हेडलाइट दोन मिनिटे लावून ठेवा आणि व्होल्टेज पाहा. चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकते. दुबळी भराभर खाली घसरते.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. बाहेरच्या १२ व्होल्टच्या आधाराने गाडी ‘रेडी’ करा, आधार काढा आणि टोकांवर पुन्हा मोजा. १३.५ ते १४.७ च्या दरम्यान आकडा आला तर डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक आहे आणि मोठी बॅटरीही वीज देते आहे. आकडा १२.५ च्या खालीच रेंगाळला तर दोष छोट्या बॅटरीत नाही. नवी बॅटरी घातली तरी तीही रिकामी होईल. इथे काम थांबवा आणि गाडी अधिकृत केंद्रात दाखवा.

आधार देताना लागणारा प्रवाह थोडा असतो, कारण इंजिन फिरवायचे नसून फक्त संगणक आणि रिले जागे करायचे असतात. पण केबलची टोके उलटी लागली तर फ्यूज, कन्व्हर्टर आणि संगणक क्षणात जळू शकतात. लाल धनाला, काळी ऋणाला किंवा मालकपुस्तिकेत दाखवलेल्या धातूच्या जागेला, हे दोनदा पाहून घ्या. उलट बाजूने, म्हणजे आपल्या हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवरून दुसऱ्याची साधी गाडी सुरू करून देण्याचा परोपकार करू नका. दुसऱ्या गाडीच्या स्टार्टरला लागणारा शेकडो अँपियरचा प्रवाह या बॅटरीच्या आणि तारांच्या आवाक्यातला नाही.

५. नवी बॅटरी निवडताना

बनारसच्या रस्त्यांवर टोटो, म्हणजे ई-रिक्षा, जिकडेतिकडे दिसतात. त्यांत सहसा १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडून ४८ व्होल्ट मिळवलेले असतात. त्यामुळे बॅटरीची दुकाने इथे शोधावी लागत नाहीत. पण दुकानदाराने “बसते आहे, लावून टाका” म्हटले म्हणून कोणतीही १२ व्होल्टची बॅटरी लावू नये. चार गोष्टी पाहा.

पहिली, प्रकार. अनेक हायब्रिड गाड्यांत साहाय्यक बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली, म्हणजे माणसे बसतात त्याच बंदिस्त जागेत असते. बॅटरी जास्त भारित झाली की हायड्रोजन वायू सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी मिश्रण स्फोटक बनते. म्हणून अशा जागी एजीएम प्रकारची बॅटरी देतात. तिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, सांडत नाही. बहुतेक वायू आतच पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो आणि उरलेला वायू नळीने गाडीच्या बाहेर सोडला जातो. इथे पाणी घालायची साधी बॅटरी लावणे म्हणजे स्वस्ताईसाठी जीव धोक्यात घालणे. बॅटरी बॉनेटखाली असेल तर कंपनीने कोणता प्रकार दिला आहे, ते मालकपुस्तिकेत पाहून तोच घ्या.

दुसरी, आकार आणि टोकांची बाजू. जपानी पद्धतीचा क्रमांक वाचायला शिका. उदाहरणार्थ ४६बी२४आर : यात ४६ हा कामगिरीचा दर्जा, ‘बी’ हा रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे लांबी सुमारे २४ सेंटिमीटर आणि शेवटचे अक्षर टोके कोणत्या बाजूला आहेत ते सांगते. शेवटचे अक्षर चुकले तर तारा पोचत नाहीत, आणि ओढून लावताना उलटी जोडणी होण्याचा धोका असतो.

तिसरी, टोकांची जाडी. काही बॅटऱ्यांची टोके बारीक असतात, काहींची जाड. बारीक टोकावर जाड क्लॅम्प आवळून काम भागवू नका. सैल सांधा तापतो.

चौथी, निर्मितीची तारीख आणि विकत घेताना मोजलेले व्होल्टेज. दुकानातच मल्टिमीटर लावा. १२.५ पेक्षा कमी असेल तर दुसरा नग मागा.

सर्व गाड्यांत बॅटरी अशी सुटी बदलता येतेच असे नाही. परदेशात विकल्या गेलेल्या ह्युंदाई आयोनिक हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची लिथियम बॅटरी मोठ्या बॅटरीच्या संचातच बसवलेली आहे. अशा गाडीला पुढील कृती लागू नाही.

६. सुरक्षिततेचे नियम

नियम १ : नारिंगी रंगाच्या जाड तारा आणि नारिंगी जोडण्यांना हात लावू नका. तो उच्च व्होल्टेजचा रंग आहे. मोठ्या बॅटरीजवळची सर्व्हिस प्लग नावाची खुंटी या कामासाठी काढायची नसते.

नियम २ : गाडी पूर्ण बंद करा, ‘रेडी’चा दिवा विझल्याची खात्री करा आणि चावी काही मीटर दूर ठेवा. हायब्रिडचे इंजिन शांत असले तरी बंद असतेच असे नाही. ते केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते.

नियम ३ : अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. चष्मा आणि हातमोजे घाला. जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको.

तिसऱ्या नियमाचे महत्त्व पुढच्या उदाहरणावरून पटेल.

सोडवलेले उदाहरण २. १२.६ व्होल्टच्या बॅटरीचा आंतररोध ८ मिलीओहम आहे. ४ मिलीओहम रोधाचा पाना चुकून धन टोक आणि गाडीचा सांगाडा यांत अडकला. प्रवाह आणि पान्यात निर्माण होणारी उष्णता काढा.

उत्तर : एकूण रोध ०.०१२ ओहम. प्रवाह १२.६ ÷ ०.०१२ = १,०५० अँपियर. पान्यातली शक्ती १,०५० × १,०५० × ०.००४ = सुमारे ४,४०० वॅट. घरातल्या दोन गीझरांइतकी उष्णता एका पान्यात किंवा बोटातल्या अंगठीत निर्माण होईल. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे, पण १२ व्होल्ट निरुपद्रवी आहेत हा समज खोटा आहे.

७. कृती

साहित्य : १० नंबरचा पाना (मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला), मल्टिमीटर, कोरडे फडके, खाण्याचा सोडा आणि पाणी, तारेचा ब्रश, पेट्रोलियम जेली.

पायरी १. गाडी सपाट जागी ‘पी’मध्ये ठेवा आणि हँडब्रेक लावा. बॅटरी काढल्यावर अनेक हायब्रिड गाड्यांना ‘पी’मधून बाहेर काढता येत नाही, म्हणून जागा आधीच नीट निवडा.

पायरी २. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर रिमोटने दार उघडणार नाही. चावीच्या आत लपवलेली धातूची पात काढून चालकाचे दार उघडा. डिकीचे कुलूप विजेवर चालत असेल तर तेही उघडणार नाही. अशा अनेक गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये आधार देण्यासाठी एक धन टोक ठेवलेले असते. तिथे १२ व्होल्ट दिले की डिकी उघडते. काम पूर्ण होईपर्यंत डिकी उघडीच ठेवा आणि चावी आत ठेवू नका.

पायरी ३. बॅटरीवरचे झाकण काढा आणि मोबाइलने फोटो घ्या. कोणती तार, नळी आणि पट्टी कुठे होती, हे परत बसवताना कामी येते.

पायरी ४. गाडी बंद केल्यावर संगणक झोपी जायला काही मिनिटे द्या. मग आधी ऋण टोक सैल करून तार काढा आणि फडक्यात गुंडाळून बाजूला सारा. ऋण आधी का? गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर उदाहरण २ मधली आपत्ती ओढवते. ऋण आधी काढले की परिपथ तुटतो, मग पाना कुठेही लागला तरी प्रवाह वाहत नाही.

पायरी ५. आता धन टोक काढा. वायूची नळी आणि, असल्यास, तापमान संवेदकाची जोडणी हळुवार सोडवा. हा संवेदक भारित करण्याचे व्होल्टेज ठरवायला मदत करतो, तो तुटू देऊ नका.

पायरी ६. धरून ठेवणारी पट्टी सोडवा आणि बॅटरी तळाशी धरून सरळ उचला. तिचे वजन १० किलोच्या वर असते. पाठ वाकवून नव्हे, गुडघे वाकवून उचला.

पायरी ७. तारांच्या क्लॅम्पवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती आम्लाच्या क्रियेतून आलेली असते. सोड्याच्या पाण्याने ओले फडके फिरवा, ब्रशने घासा, पूर्ण कोरडे करा. सोडा आम्लाचे उदासीनीकरण करतो.

पायरी ८. नवी बॅटरी त्याच दिशेने ठेवा. पट्टी आवळा, नळी आणि संवेदक जोडा. आता आधी धन, मग ऋण. म्हणजे काढण्याच्या नेमका उलट क्रम, कारण तेच. शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका. शिसे मऊ असते, म्हणून नट हाताने क्लॅम्प हलणार नाही इतकाच आवळा. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

पायरी ९. गाडी ‘रेडी’ करा आणि टोकांवर १४ च्या आसपास व्होल्टेज येते का, ते मोजा. सुरुवातीला दिसणाऱ्या काही सूचना थोडे अंतर चालवल्यावर जातात. घड्याळ लावा आणि काचांचे आपोआप वर-खाली होणे मालकपुस्तिकेप्रमाणे पुन्हा शिकवा. एखादी सूचना कायम राहिली तर गाडी दाखवून घ्या.

८. जुनी बॅटरी : काम अजून संपलेले नाही

जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे आणि त्याची संयुगे असतात. म्हणून तिला भंगारात चांगला भाव येतो आणि इथेच खरा धोका आहे. उघड्यावर बॅटरी फोडून आम्ल नालीत ओतायचे आणि भट्टीत शिसे वितळवायचे, असा धंदा अनेक शहरांच्या कडेला चालतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली आहेत. बॅटऱ्यांचे असे बेफिकीर पुनर्चक्रण हे त्यामागचे एक प्रमुख कारण म्हणून अहवाल सांगतो. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ते नुकसान भरून येत नाही. बनारसमध्ये नालीत ओतलेले आम्ल अस्सी किंवा वरुणेमार्गे शेवटी गंगेतच जाणार, हेही विसरू नका.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. ती गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सोपा मार्ग असा : नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला परत द्या, किमतीतली सूट घ्या आणि बिलावर तशी नोंद करून घ्या. दारावरचा भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देत असेल तरी त्याला देऊ नका.

९. बॅटरी टिकवायची कशी?

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती ‘रेडी’ करून तासभर ठेवा. नुसते बटण दाबून डॅशबोर्ड लावला, पण ‘रेडी’ केले नाही, तर बॅटरी भारित होत नाही. उलट रिकामी होते. गाणी ऐकत बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘रेडी’ असताना इंजिन आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून हे काम बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या तळघरात करू नका; कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डॅशकॅमची उभ्या गाडीतली नोंद बंद करा. चावी गाडीपासून दूर ठेवा, नाहीतर रिसीव्हर पुनःपुन्हा जागा होतो.

१०. सारांश

स्ट्राँग हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिन फिरवत नाही, ती मोठ्या बॅटरीचे दार उघडते. म्हणून ती मेली की सगळी गाडी मेल्यासारखी दिसते. नवीन काही विकत घेण्याआधी तीन मोजण्या करा : स्थिर व्होल्टेज, भाराखालचे व्होल्टेज आणि ‘रेडी’ असतानाचे व्होल्टेज. काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. नारिंगी तारांना हात नाही. आणि जुनी बॅटरी योग्य हाती पोचेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.

स्वाध्याय

१. मुख्य रिले ‘नेहमी बंद’ प्रकारचे ठेवले असते तर छोटी बॅटरी मेल्यावरही गाडी सुरू करणे सोपे झाले असते का? अपघाताच्या दृष्टीने या रचनेचे तोटे लिहा.
२. ३५ अँपियर-तासांची बॅटरी ८० टक्के भरलेली आहे. बंद गाडीत ६० मिलीअँपियर प्रवाह वाहतो. बॅटरी २५ टक्क्यांवर यायला किती दिवस लागतील?
३. एका गाडीत स्थिर व्होल्टेज ११.६ आणि ‘रेडी’ असताना १४.१ आहे. दुसऱ्या गाडीत ते अनुक्रमे १२.१ आणि १२.० आहे. कोणत्या गाडीची छोटी बॅटरी तपासून बदलायची आणि कोणती गाडी केंद्रात न्यायची? कारण द्या.
४. उदाहरण २ मध्ये आंतररोध वाढून ३० मिलीओहम झाला तर प्रवाह किती होईल? जुनी बॅटरी भार पडताच का कोसळते, याचा या उत्तराशी संबंध जोडा.
५. आपल्या गावातल्या बॅटरीच्या दोन दुकानांत जाऊन परत घेतलेल्या जुन्या बॅटऱ्या पुढे कोठे जातात याची माहिती घ्या आणि एक पानाचा अहवाल लिहा.